बांधाच्या आतला हुरडा

वाशीमला सहलीसाठी गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मीही सहलीला गेलो नव्हतो. मला एका माणसाला खोटं पाडायचं होतं, आणि त्यासाठी लागणारा पुरावा माझ्या माहितीप्रमाणे तिथंच उगवत होता.

तो माणूस म्हणजे माझे व्याही. निवृत्त मुख्याध्यापक. सारी बार्शी त्यांना मास्तर म्हणते, मीही म्हणतो. दसरा झाला की एका रविवारी ते नातेवाइकांना जेवायला बोलावतात आणि जेवणानंतर सामान्यज्ञानाची स्पर्धा घेतात. यंदाचा विषय होता शरद-हेमंताचे दिवस, सुगीचं खाणं आणि इतिहास. मी आठवीत शाळा सोडलेली, पण त्या दिवशी माझं नशीब जोरात होतं. मिरची आपल्याकडे कुणी आणली? पोर्तुगीजांनी. भुईमूग मूळचा कुठला? दक्षिण अमेरिकेचा. वाकाटकांच्या वत्सगुल्म या राजधानीचं आजचं नाव काय? पदवीधर मंडळी छताकडं बघत होती. मी म्हटलं, वाशीम. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

शेवटचा प्रश्न होता, हुरडा कोणत्या महिन्यात खातात? मी म्हटलं, कार्तिकात.

"चूक. पौष-माघात," मास्तर म्हणाले. "कार्तिकात ज्वारी गुडघ्याला लागते, शेठ. तुम्ही धान्याचे व्यापारी ना?"

सगळे हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, मी स्वतः खाल्लाय. मास्तर म्हणाले, "बरं, कुठं खाल्लात ते सांगा." मी पुढ्यातली बासुंदीची वाटी सरकवली आणि उठून घरी आलो.

खाल्ला होता वाशीमला, बावीस वर्षांचा असताना. पण तिथं मी काय करत होतो, हे सांगितलं असतं तर लेकीच्या लग्नात बोललेलं सगळं उघडं पडलं असतं. मुलगी दाखवताना मी सांगितलं होतं की दुकान आमचं तीन पिढ्यांचं आहे. खरं म्हणजे माझ्या वडलांकडं दुकान नव्हतं, तराजूही नव्हता. एका कोरड्या वर्षी मी धान्याच्या ट्रकवर बसून वाशीमला गेलो आणि दोन हंगाम बाजारात पोती वाहिली. हमाली केली. हे बायकोला माहीत होतं. ती चार वर्षांपूर्वी गेली. आता फक्त मला माहीत होतं.

लेकीचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. त्या रविवारपासून मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. दिवाळी तशीच गेली. मग लेकीचा फोन आला, की बाळाचं उष्टावण येत्या रविवारी आहे. तिला भाऊ नाही, त्यामुळं पहिला घास मी द्यायचा. मी म्हटलं, मास्तर चूक कबूल करतील तेव्हा येईन. ती म्हणाली, "बाबा, बाळ तोवर थांबणार नाही," आणि फोन ठेवला.

मी हिशेब केला. वाशीमला जायचं, पिशवीभर दूध भरलेली कणसं आणायची, मास्तरांच्या टेबलावर ओतायची आणि म्हणायचं, घ्या, कार्तिक. कुठून आणली, कशी आणली, कशाला सांगायचं? पुरावा बोलला की माणसाला बोलावं लागत नाही. घरची गाडी नेली नाही, कारण ड्रायव्हरनं लेकीला सांगितलं असतं. एसटीनं गेलो.

वाशीम

लातूर, नांदेड, हिंगोली करत पोचलो. त्या एसटीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझ्या गुडघ्यांना विचारा.

सकाळी स्टँडसमोर पोहे घेतले. आमच्याकडं पोह्यावर शेव आणि खोबरं घालतात. इथं वरून लालभडक तर्री ओततात, आणि पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येतं. मी कोथिंबीर मागितली. पोहेवाला म्हणाला, "सांबार म्हना ना, भाऊ," आणि मूठभर टाकली. चाळीस वर्षांपूर्वी हा शब्द मला पाठ होता. मी तो मुद्दाम विसरलो होतो.

बाजारात गेलो आणि दाराशीच थबकलो. जिकडं पाहावं तिकडं सोयाबीन. ढीग सोयाबीनचे, पोती सोयाबीनची, हवेत धूळ सोयाबीनची. माझ्या वेळी याच दिवसांत इथं कापसाच्या बैलबंड्या आणि ज्वारीच्या थप्प्या असायच्या. तीन अडत्यांना ज्वारीबद्दल विचारलं. एकानं मान हलवली, एकानं ऐकलंच नाही, तिसरा म्हणाला, "मागच्या पिढीत या, शेठ." मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही.

बाहेर येऊन बारदान गल्लीत शिरलो. बारदान म्हणजे रिकामी पोती. ती फाटली की ठिगळ लावून परत विकतात. एका दुकानात पांढऱ्या दाढीचे गृहस्थ दाभणानं पोतं शिवत बसले होते. मी विचारलं, "चाचा, ज्वारी कुठं पेरतात हल्ली?"

त्यांनी मान वर केली, दाभण पोत्यातच ठेवलं आणि म्हणाले, "तू बार्शीवाला ना? डाव्या खांद्यावर उचलायचा तो?"

मी म्हटलं, "नाही, मी व्यापारी आहे."

"व्यापारी असशील. खांदा त तोच हाय." ते हसले. "मैं शकूर. तुझं पोतं फाटलं का माझ्याकडंच यायचास, आन शिवायचे पैसे कमी करायले भांडायचास. शेवटी देल्ले कधीच नाई पुरे."

खोटं बोलायची माझी सवय जुनी आहे, पण चाळीस वर्षांनी माझा खांदा ओळखणाऱ्या माणसापुढं ती चालेना. मी खाली पोत्यांवर बसलो. शकूरभाईंनी चहा मागवला, मुलांची-नातवंडांची चौकशी केली आणि मग स्पष्ट सांगितलं, "ज्वारी गेली, भाई. डुकरं ठेवत नाईत, पाखरं ठेवत नाईत, मजूर कापायले मागते त परवडत नाई. सोयाबीन तीन महिन्यांत हातात. शेलूबाजारले जाऊन पाहा, बाजार मोठा हाय. नाई भेटलं त वापस ये."

त्यांचा निरोप घेताना मी इकडंतिकडं पाहिलं, कुणी ओळखीचं ऐकत तर नाही ना म्हणून. तिथं मला ओळखणारं दुसरं होतंच कोण? पण मानेला वळायची सवय लागलेली असते.

शेलूबाजार

जीपमध्ये माझ्या शेजारी भाजीवाली बाई आणि माझ्या मांडीवर तिची वांग्यांची टोपली. मी म्हटलं, टोपली खाली ठेवा. ती म्हणाली, "खाली ठेवली त लोक पाय देतात. तुमची मांडी चांगली रुंद हाय." जीप हसली. पहिल्याच खड्ड्याला टोपली कलंडली. दहा-बारा वांगी माझ्या पांढऱ्या लेंग्यावर लोळली, दोन पायाखाली गेली. बाईनं त्यांचे पैसे माझ्याकडं मागितले. मी दिले नाहीत. मग दिले. खाली उतरून पुन्हा भांडलो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली रानं. कुठं हरभऱ्याचे कोंब, कुठं फुललेली पिवळी तूर, कुठं कापूस वेचणाऱ्या बायकांच्या रांगा. आमच्याकडं या दिवसांत नजर जाईल तिथं कोवळी ज्वारी असते. इथं मैलभर शोधूनही ज्वारीचं एक उभं ताट दिसेना.

बाजारात एका किराणा दुकानदारानं माझं ऐकून घेतलं आणि आनंदानं आत गेला. "हुरडा? हाय ना!" म्हणत त्यानं एक पाकीट समोर ठेवलं. वाळवलेला हुरडा. मी चष्मा लावून पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं वाचलं. माल सोलापूर जिल्ह्यातला होता. म्हणजे मास्तरांच्या माघातला हुरडा वाळून माझ्या आधी इथं पोचला होता. मी पाकीट गल्ल्यावर आपटलं. दुकानदार म्हणाला, "काहून, चांगला हाय. बार्शीकडचा हाय!"

जेवायचीही इच्छा राहिली नाही. तशीच जीप पकडून परत शकूरभाईंकडं. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि दाभण खाली ठेवलं. म्हणाले, "मालेगावच्या पुढं एक बाई हाय, गयाबाई. दर साली माझ्याकडून चार पोते नेते, ज्वारीसाठी. पन ती इकते का नाई, मले मालूम नाई."

"माझ्यापुढं सगळे विकतात," मी म्हटलं.

शकूरभाईंनी दाभण उचललं. "जा मंग."

मालेगावच्या पुढं

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या नव्हे, वाशीमच्या मालेगावला उतरून एका मोटारसायकलवाल्याच्या मागं बसलो. त्यानं मला पाणंदीच्या तोंडाशी सोडलं. सकाळचे नऊ वाजले असतील. तुरीच्या पिवळ्या पट्ट्यांपलीकडं बांधाच्या कडेनं उंच, डौलदार ताटं उभी होती. सहा-सात ओळी. कणसं हिरवट, पोटात दूध भरलेली. कार्तिक महिना, आणि माझ्या डोळ्यांसमोर हुरडा. मी तिथंच एकटा मोठ्यानं म्हणालो, "मास्तर!"

"कोन हाय रे?" ताटांतून आवाज आला. पाठोपाठ साठी ओलांडलेली बाई, हातात गोफण. याच गयाबाई.

मी नमस्कार केला, गोड बोललो, शकूरभाईंचं नाव सांगितलं. मग विषयावर आलो. "पिशवीभर कणसं हवी होती. हुरड्याची."

"मंग खा ना. बसा."

"विकत हवीत. घरी न्यायला."

"इकत नाई."

"भाव तर ऐका."

"इकायचंच नाई त भाव कायले आयकू?"

चाळीस वर्षं मी बाजारात आहे. ज्याला विकायचं नसतं असा माणूस मला माहीत नाही. ज्याला जास्त हवं असतं तो माहीत आहे. मी भाव वाढवला. मग पाठ फिरवून दहा पावलं चालून दाखवलं. कुणी हाक मारली नाही. परत आलो, तिच्या ज्वारीला नावं ठेवली. म्हटलं, कणीस बारीक आहे, कीड आहे. ती म्हणाली, "मंग कायले नेता बारीक?" शेवटी मी चिडलो. म्हटलं, "दोन दिवस धूळ खात हिंडतोय, चार कणसांसाठी माणसाला एवढं नाचवायचं?"

"मी कुठं नाचवून राह्यली? तुमीच नाचून राह्यले." तिनं गोफणीत खडा घातला, फिरवली, सोडली. पोपटांचा थवा ओरडत उठला. मग शांतपणे म्हणाली, "हे पा भाऊ. आमच्या घरचा कायदा हाय. दूध भरलेलं कनीस बांधाच्या भाईर जात नाई. माह्या सासूनं नाई जाऊ देल्लं, मी बी नाई जाऊ देत. वावरात याव, पाखरं हाकलाव, पोटभर खाव, घरी जाव. सोताच्या लेकीले बी मी पिशवीत नाई देत. खायचं असन त इथं येते."

"असा कसला कायदा?"

"कच्चं कापून नेलं त पिकून घरात काय येईन? एकाले देल्लं का समदं गाव पिशवी घेऊन येईन. पोटात गेलेल्याची मोजदाद नाई, पिशवीत गेलेल्याची हाय."

आणि मला आठवलं. बावीस वर्षांचा असताना मी हुरडा खाल्ला तोही असाच, कुणाच्या तरी वावरात उभ्यानं. पोती उचलायला गेलो होतो आणि मालकानं आधी खायला बसवलं होतं. घरी न्यायला मागितला होता का, ते आठवत नाही. त्या वेळी घरच नव्हतं.

"राखण करता येते का?" गयाबाईनं गोफण पुढं केली. मोबदला ठरला होता आणि भाव तिनं सांगितला होता. मी गोफण घेतली.

ताटांमध्ये चार बल्ल्यांवर बांधलेला माळा होता. त्यावर चढून मी दोन तास पोपट हाकलले. पहिला खडा माझ्याच खांद्यावर बसला, दुसरा तुरीत गेला. तिसऱ्याला थवा उठला आणि मला इतकं बरं वाटलं की मी ओरडलोही. पोपट मात्र माझ्यासारखेच. हाकलले की दहा पावलांवर जाऊन बसतात आणि परत येतात.

खाली गयाबाई गवऱ्यांचा आर करत होती. तिची पाठ वळली तेव्हा मी हात लांब करून माळ्यालगतची कणसं तोडली आणि शर्टाच्या आत घातली. कायदा तिच्या घरचा, माझ्या घरचा नाही, असं मनाशी म्हटलं.

हुरड्याला बसलो. कणीस आरात भाजायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. गरम हिरवे दाणे, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. आमच्याकडं आता हुरडा पार्टी म्हणून खुर्च्या मांडतात, तिकीट लावतात. इथं बूड टेकायला एक पोतं होतं. शकूरभाईंच्या ठिगळाचं.

"आता सांगा," गयाबाई म्हणाली. "कनसासाठी कोनी एवढं तापते का?"

मी सांगितलं. मास्तर, स्पर्धा, उष्टावण. मग का कोण जाणे, पुढचंही सांगितलं. तीन पिढ्यांचं दुकान, पोती, डावा खांदा. ती ऐकत कणसं चोळत होती.

"पोती उचलली," ती म्हणाली. "चोरली त नाई ना?"

"नाही."

"मंग लपवलं काहून?"

सौद्यात अडलो की मी आवाज चढवतो. आज तो चढेना. मी शर्टात हात घातला आणि कणसं आरावर ठेवली. "ही पण भाजा. दोन आहेत."

"तीन हायत," गयाबाई म्हणाली. "एक पाठीकडं सरकलं."

खरंच तीन होती.

वावरात फोनला रेंज फक्त माळ्यावर यायची. मी पुन्हा चढलो आणि मास्तरांना लावला.

"मास्तर, कार्तिकात हुरडा खातोय. खरिपाची गावरान ज्वारी आहे, वाशीम जिल्ह्यात. पण पुरावा आणता येणार नाही, इथला कायदा आहे. तुम्ही विचारलं होतं, कुठं खाल्ला. इथं. बावीस वर्षांचा होतो, हमाली करत होतो. दुकान तीन पिढ्यांचं नाही. माझं एकट्याचं आहे. लग्नात मी तुमच्याशी खोटं बोललो."

पोपट परत येऊन बसले.

"खरिपाची ज्वारी," मास्तर शेवटी म्हणाले. "माझा प्रश्न अर्धवट होता. कुठल्या भागात, ते मी विचारायला हवं होतं." मग म्हणाले, "दुसरं मला सांगायची घाई नव्हती. सुनबाईला माहीत आहे?"

"नाही."

"मग तिला आधी सांगायचं होतं. मला नंतर."

निघताना गयाबाईनं गेल्या वर्षीची पिकलेली ज्वारी माझ्या रुमालात बांधली. मी खिशात हात घालायच्या आत म्हणाली, "पिकलेलं जाऊ शकते भाईर. नातवाले पेज करून द्या." मी भाव विचारला नाही.

बार्शी

एसटीतून उतरून घरी न जाता सरळ लेकीच्या गल्लीत गेलो. ती स्वयंपाकघरात होती, बाळ पाळण्यात. मी रुमाल ओट्यावर ठेवला आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, घाईघाईनं, कुणी भाव पाडायच्या आत माल खपवावा तसं.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या बाबा. तिनं रुमालाची गाठ सोडली, ज्वारी ताटात पसरली आणि खडे निवडायला लागली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आपल्या दुकानातल्या हमालांना चहा बाहेर फुटपाथवर देता. मी लहान असताना आत बोलावलं होतं एकाला, तर मला ओरडला होतात. पोत्याचा वास येतो म्हणाला होतात."

मला ते आठवत होतं. तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

मी खाली बसलो आणि तिच्याबरोबर खडे निवडू लागलो. एक-दोनच होते. गयाबाईनं निवडूनच दिली होती.

"उष्टावणाला किती माणसं सांगितलीस?" मी विचारलं.

"चाळीस."

"आठ वाढव. दुकानातले आठही हमाल येतील. आत बसतील, पहिल्या पंगतीला."

ती ताटाकडंच बघत होती. "आठ नाही. त्यांच्या बायका नाहीत का? सोळा."

समोरच्यानं सांगितलेला आकडा मी आजवर जसाच्या तसा कधी मान्य केलेला नाही. तोंड उघडलंही होतं.

"सोळा," मी म्हटलं.